पाळी सहा दिवस पुढे गेलीय, पट्टीवर एकच रेघ. काय समजू?

अबोली_शांत | १० मार्च, रात्री ११:२०

घरात सगळे झोपलेत, मला झोप येत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

माझी पाळी ३० दिवसांनी येते, फार तर एखादा दिवस इकडे-तिकडे. गेली पाळी २ फेब्रुवारीला आली. म्हणजे ४ मार्चला यायला हवी होती. आज १० तारीख, पत्ता नाही. ५ तारखेला संध्याकाळी घरीच टेस्ट केली, एकच रेघ आली. ओटीपोटात पाळीच्या आधी दुखतं तसंच दुखतंय, छाती जड वाटतेय, आणि दिवसातून दहा वेळा बाथरूममध्ये जाऊन बघून येतेय.

संबंध आले ते २२ आणि २५ फेब्रुवारीला. निरोध वापरला नव्हता, कारण विसाव्या दिवसानंतरचे ते 'सुरक्षित दिवस' असतात असा माझा हिशोब होता. त्याआधी १२ ते १७ फेब्रुवारी मी तापाने फणफणले होते, तेव्हा तर काहीच नव्हतं.

टेस्ट निगेटिव्ह आहे म्हणजे नाहीच ना? मग पाळी का येत नाहीये? नवऱ्याला विचारलं तर "येईल गं" म्हणून कूस बदलतो.

भिंगरी | १० मार्च, रात्री ११:३८

अगं आधी पाणी पी. टेन्शनने पाळी लांबते आणि पाळी लांबली की टेन्शन येतं, या चक्रात आपण सगळ्याच कधी ना कधी अडकलोय. माझी एकदा नोकरी बदलताना १९ दिवस पुढे गेली होती. शेवटी आली, तीसुद्धा नेमकी नव्या ऑफिसच्या पहिल्या दिवशी.

खारूताई | १० मार्च, रात्री ११:५१

पाळी आणायच्या गोळ्या मिळतात की. पाच दिवस घे, थांबव, दोन-तीन दिवसांत येते. मी दोनदा घेतल्यात. उगाच इतका विचार कशाला?

निवृत्त_परिचारिका | ११ मार्च, सकाळी ६:१०

खारूताई, रागावू नका, पण हा सल्ला असा वाटू नका. त्या गोळ्या प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाच्या जातीच्या असतात. दिवस गेलेले नसतील आणि गर्भाशयाचं अस्तर तयार असेल तर गोळी थांबवल्यावर रक्तस्राव होतो. दिवस गेले असतील तर त्यांनी पाळी येत नाही आणि गर्भही पडत नाही, फक्त आठ-दहा दिवस फुकट जातात. आधी टेस्ट, मग डॉक्टर, मग गोळी. गर्भपाताच्या गोळ्या कुणाच्या सांगण्यावरून घेणं तर त्याहून वाईट. गर्भ नळीत अडकला असेल तर त्या गोळ्यांचा उपयोग होत नाही. वर रक्त गेलं की बाई समजते सुटले, आणि आत नळी फुटायच्या बेतात असते. माझ्या नोकरीत अशा दोघी स्ट्रेचरवरून आलेल्या पाहिल्यात. दोघीही वाचल्या, पण थोडक्यात.

स्टेथोस्कोप | ११ मार्च, सकाळी ७:०५

अबोली, तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच लिहिलंयस, तापाच्या ओळीत.

आपण पाळी लांबली म्हणतो. बहुतेक वेळा लांबलेलं असतं ते अंडाशयातून बीज सुटणं, पाळी नुसती त्याच्यामागून येते. पाळीच्या पहिल्या दिवसापासून बीज सुटेपर्यंतचा काळ रबरासारखा असतो. ताप, धास्ती, जागरणं, झपाट्याने उतरलेलं वजन, अति व्यायाम, कशानेही ताणला जातो. बीज सुटल्यानंतरचा काळ मात्र बऱ्यापैकी ठरलेला, बहुतेकींचा १२ ते १४ दिवसांचा. बीज जिथून सुटतं तिथे पीतपिंड नावाची छोटी गाठ तयार होते. ती प्रोजेस्टेरॉन बनवून गर्भाशयाचं अस्तर धरून ठेवते. गर्भ रुजला नाही तर दोन आठवड्यांत ती सुकते, प्रोजेस्टेरॉन उतरतं आणि अस्तर सुटतं. तीच पाळी.

म्हणजे बीज सुटण्याचा म्हणून सांगतात तो 'चौदावा दिवस' मोजायचा तो येणाऱ्या पाळीपासून मागे. आता येणारी पाळी कधी येणार हे आधी कोणाला ठाऊक असतं? सुरक्षित दिवसांचं गणित तिथेच गडगडतं. ज्या महिन्यात सगळं वेळेवर होतं त्या महिन्यात ते बरोबर निघतं, आणि नेमकं ज्या महिन्यात गरज असते तेव्हा दगा देतं.

तुझा ताप सुरू झाला अकराव्या दिवशी, बीज तयार होत असताना. आजारपणात हे काम मागे पडतं आणि बरं वाटल्यावर पुन्हा सुरू होतं. समजा बीज २६ फेब्रुवारीला सुटलं. शुक्राणू बाईच्या शरीरात ५ दिवसांपर्यंत तग धरतात, बीज मात्र जेमतेम १२ ते २४ तास. मग २२ आणि २५ या दोन्ही तारखा दिवस राहण्याच्या दिवसांत येतात.

आता टेस्टचं. फलित झालेलं बीज गर्भाशयात पोचून रुजायला ६ ते १२ दिवस घेतं, बहुतेक वेळा ८ ते १०. पट्टी ज्या एचसीजी संप्रेरकाला शोधते ते रुजल्यानंतरच लघवीत उतरायला लागतं. ५ मार्चला, माझ्या या अंदाजाने, सातवा दिवस होता. पट्टीला सापडण्यासारखं काही नसणारच.

तू गरोदर आहेसच असं मी म्हणत नाही. बीज उशिरा सुटलं, रुजलं नाही आणि १२ तारखेच्या आसपास पाळी आली, असंही होऊ शकतं. किंबहुना तीच शक्यता जास्त. सकाळच्या पहिल्या लघवीत पुन्हा टेस्ट कर. तीही निगेटिव्ह आली आणि पाळी नाहीच आली तर १८ तारखेला आणखी एकदा. शेवटच्या संबंधानंतर २१ दिवसांनी नीट केलेली टेस्ट निगेटिव्ह आली तर ती मानायची.

एका बाजूला जोरात दुखणं, घेरी, खांद्याच्या टोकाला दुखणं, यातलं काहीही झालं तर टेस्टचा निकाल काहीही असो, सरळ दवाखाना गाठायचा. तेव्हा इथे येऊन विचारत बसू नकोस.

पाऊलवाट | ११ मार्च, सकाळी ७:४०

डॉक्टर, म्हणजे बीज सुटून गेल्यावर टेन्शन घेतलं तर पाळी फारशी पुढे जात नाही? मी तर दर महिन्याला पंचविसाव्या दिवसापासून काळजी सुरू करते आणि उशीर झाला की त्या काळजीला बोल लावते.

स्टेथोस्कोप | ११ मार्च, सकाळी ७:५२

फारशी नाही. एखाद-दोन दिवस इकडे-तिकडे. तोपर्यंत तारीख आत ठरलेली असते, तुमची काळजी उशिरा पोचते.

अबोली_शांत | ११ मार्च, दुपारी १:१५

सकाळी साडेसहाला केली. तीन थेंब टाकले, मोबाईलवर पाच मिनिटांचा गजर लावला. 'सी'समोर, म्हणजे टेस्ट नीट चालली हे दाखवणारी, गडद रेघ, निकालाच्या 'टी'समोर काही नाही. कचऱ्यात टाकली. आत्ता जेवायच्या सुट्टीत घरी आले आणि, हसू नका, कचऱ्यातून काढून खिडकीपाशी नेऊन बघितली तर 'टी'समोर बारीक राखाडी रेघ दिसतेय! तिरकी धरली की दिसते, सरळ धरली की जाते.

निवृत्त_परिचारिका | ११ मार्च, दुपारी १:३०

कचऱ्यातली पट्टी पाहिली नाही अशी बाई मला अजून भेटायची आहे. अगं, ती सुकल्याची रेघ. लघवी वाळली की तिथला चर उठून दिसतो, त्याला रंग नसतो. खरी रेघ 'सी'च्याच रंगाची असते, गुलाबी असेल तर गुलाबी, भले फिकी का असेना, आणि पाकिटावर दिलेल्या वेळेतच उमटते. वेळेत आलेली फिकी रेघ हीसुद्धा रेघच, तिला अर्धी गरोदर वगैरे म्हणायचं नाही. दहा मिनिटांनंतर पट्टीकडे बघायचंच नाही. दोन दिवस थांब, नवीन किट घे, आदल्या रात्री ढसाढसा पाणी पिऊ नकोस.

घुबड | ११ मार्च, दुपारी ३:४४

थोडं अवांतर. पाच मिनिटं जड जातायत त्यांच्यासाठी. १९२०च्या दशकाच्या शेवटी बाईची लघवी कोवळ्या उंदरांच्या माद्यांना टोचायचे, मग त्यांना मारून अंडाशय बघायचे. १९३०च्या दशकात आफ्रिकेतल्या एका नखवाल्या बेडकीचा यासाठी उपयोग सापडला. तिला लघवी टोचली आणि बाई गरोदर असली तर बेडकी सकाळपर्यंत अंडी घालायची. बेडकी जिवंत राहायची, तिला पुन्हा वापरता यायचं. कित्येक वर्षं प्रयोगशाळांमध्ये या बेडक्या पाळलेल्या असत. घरी करायच्या टेस्टची कल्पना १९६७ साली मार्गारेट क्रेन या डिझायनर बाईंना सुचली. त्या एका औषध कंपनीत मलमांच्या डब्या-नळ्यांचं डिझाइन करायला होत्या. अमेरिकेतल्या दुकानांत अशी टेस्ट यायला १९७७ उजाडलं. बायकांनी स्वतःच निकाल बघावा की नाही यावर मधली वर्षं गेली.

भिंगरी | ११ मार्च, दुपारी ३:५०

बेडकीला कचऱ्यातून काढून खिडकीपाशी न्यायची सोय नव्हती एवढं बरं.

कोरी_वही | ११ मार्च, रात्री १०:०२

इथेच विचारू का? वय १९. पाळी ५ दिवस पुढे गेलीय. संबंध असे आलेले नाहीत. आम्ही दोघं जवळ होतो पण कपडे अंगावर होते, त्याचे थोडे ओले झाले होते. नेटवर काय काय वाचलं आणि आता जेवणही जात नाहीये. आईला सांगू शकत नाही.

निवृत्त_परिचारिका | ११ मार्च, रात्री १०:२०

बाळा, कपड्यांतून दिवस जात नाहीत. शुक्राणूंना योनिमार्गापर्यंत ओलाव्यातूनच पोचावं लागतं, कापडावर ते वाळून मरतात. कपडे नसताना योनीच्या तोंडाशी वीर्य लागलं असतं तर थोडी का होईना शक्यता म्हटली असती. तू लिहिलंयस त्यात ती नाही. जेव.

तुझ्या वयात चक्र पाच-सात दिवस मागेपुढे होणं अगदी नेहमीचं आहे, आणि या महिन्यात परीक्षा असेल तर विचारायलाच नको. मनाची खात्रीच हवी असेल तर एक टेस्ट करून टाक, त्यात लाजण्यासारखं काही नाही. सलग तीन महिने नाही आली तर मात्र डॉक्टरांकडे जायचं. तेव्हा आईला नुसतं "पाळी येत नाहीये" एवढं सांगितलं तरी पुरतं.

नवरा_क्रमांक_एक | १२ मार्च, सकाळी ९:१२

मी पुरुष आहे, लिहिलं तर चालेल ना? अबोलीताईंच्या "येईल गं"वर मला माझाच आवाज ऐकू आला. बायकोची पाळी चुकली तेव्हा मीही तेच म्हणत होतो, कारण दुसरं काही माहीत नव्हतं. शेवटी ती म्हणाली, "टेस्ट तू जाऊन घेऊन ये." काउंटरवर ते नाव उच्चारताना माझा घसा कोरडा पडला. त्या दिवशी कळलं की ही इतकी वर्षं एकटीच जाऊन आणत होती. तेव्हापासून तारीख माझ्याही फोनमध्ये लिहिलेली असते.

उंबरठा | १२ मार्च, सकाळी ११:३०

वय ४६. मागच्या वर्षी तीन महिने पाळी आली नाही. मी धरून चालले की संपलं एकदाचं, आणि आम्ही काळजी घेणं सोडून दिलं. चौथ्या महिन्यात आली, घळघळ. डॉक्टर म्हणाल्या, सलग १२ महिने पाळी नसेल तेव्हा रजोनिवृत्ती म्हणायची, तोवर बीज कधीही सुटू शकतं, आधी कळवून सुटत नाही. चाळिशीतल्यांनो, पाळी चुकली की "वयामुळे असेल" म्हणायच्या आधी टेस्ट करा. मी केली नव्हती, नशीब माझं.

दुपारची_झोप | १२ मार्च, दुपारी २:२५

दुसऱ्या बाजूचा अनुभव. पाळी ५८ दिवस नाही, तीन टेस्ट, तिन्ही निगेटिव्ह. घरातले "गोड बातमी" म्हणून डोळा मारायचे आणि मला रडू यायचं, कारण आम्हाला खरंच मूल हवं होतं. डॉक्टरांनी थायरॉइड आणि प्रोलॅक्टिन (अंगावरचं दूध आणणारं संप्रेरक) तपासायला सांगितलं. प्रोलॅक्टिन वाढलेलं निघालं. मग त्यांनी विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत? मी म्हटलं, काही नाही. पर्समध्ये मळमळीच्या गोळीची पट्टी होती, डोमपेरिडोनची, दोन महिने रोज घेत होते. तिला मी औषध समजतच नव्हते! तिने प्रोलॅक्टिन वाढतं आणि पाळी थांबू शकते. डॉक्टरांनी ती बंद केली, पुढच्या महिन्यात पाळी आली. मानसिक आजारावरच्या काही गोळ्यांनीही असं होतं म्हणे, पण त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत.

पाऊलवाट | १२ मार्च, दुपारी २:४०

+१. माझं पीसीओएस निघालं होतं, म्हणजे संप्रेरकांच्या गडबडीने बीज वेळेवर सुटत नाही तो त्रास. पाळी ४०-४५ दिवसांनी, हनुवटीवर केस. आमच्यासारख्यांना "पाळी चुकली" हे कळतच नाही, कारण चुकायला आधी तारीख हवी ना. मी शेवटच्या संबंधानंतर तीन आठवडे मोजते आणि टेस्ट करते, सोपं पडतं. आणि हो, पीसीओएस आहे म्हणजे दिवस राहणारच नाहीत या समजुतीवर विसंबू नका. माझी समजूत आता पहिलीत आहे.

ढगफुटी | १२ मार्च, रात्री ९:१८

दिवस राहू नयेत म्हणून संबंधानंतर ७२ तासांत घ्यायची गोळी घेतली होती, दुसऱ्याच दिवशी. आता पाळी ४ दिवस लांबलीय. गोळी फसली का?

स्टेथोस्कोप | १२ मार्च, रात्री ९:४०

लगेच तसं समजू नका. ती गोळी मुख्यतः बीज सुटणं पुढे ढकलते, त्यामुळे पाळी आठवडाभर अलीकडे-पलीकडे होऊ शकते. ७ दिवसांहून जास्त लांबली किंवा नेहमीपेक्षा फारच कमी गेलं तर टेस्ट करा. गोळी घेतल्यानंतर पुन्हा संबंध आले असतील तर त्यांना मागच्या गोळीचं संरक्षण नाही, हे खूपजणींना माहीत नसतं.

निवृत्त_परिचारिका | १२ मार्च, रात्री ९:५५

"कमी गेलं" यावरून आठवलं. डाग दिसले म्हणजे पाळी आली असं धरून बसू नका. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत साधारण चौघींपैकी एकीला थोडंफार रक्त दिसतं. नेहमीपेक्षा कमी, तपकिरी, दीड दिवसात थांबलं, असं असेल तर टेस्ट करा.

अबोली_शांत | १३ मार्च, सकाळी ६:४७

दोन.

दुसरी फिकी आहे पण गुलाबी आहे आणि तिसऱ्या मिनिटाला आली. नवऱ्याला उठवून दाखवली. तो पट्टी उलटी धरून बघत होता.

मला आनंद झालाय की नाही ते मला अजून कळत नाहीये. आम्ही पुढच्या वर्षी ठरवलं होतं.

भिंगरी | १३ मार्च, सकाळी ७:०१

आजच्या आज कळायलाच पाहिजे असं कुठे आहे? पट्टी उलटी धरणाऱ्या माणसाला मात्र माझा नमस्कार सांग.

स्टेथोस्कोप | १३ मार्च, सकाळी ७:३०

काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवा, आणि तुला काय वाटतंय ते आधी. कुठलाही निर्णय असला तरी पहिलं पाऊल एकच, या आठवड्यात डॉक्टरांना भेटणं. ठेवायचं ठरलं किंवा अजून ठरत नसलं तरी रोज ४०० मायक्रोग्रॅम फॉलिक अॅसिड सुरू करायला हरकत नाही. तापात घेतलेल्या गोळ्यांची नावं लिहून ने. आणि सोनोग्राफीची घाई करू नकोस, आज केली तर रिकामं गर्भाशय दिसेल आणि तू रात्रभर जागशील.

अबोली_शांत | १५ मार्च, रात्री ८:३०

डॉक्टरांनी रक्तातलं एचसीजी दोनदा करायला सांगितलं होतं, ४८ तासांच्या अंतराने. १३ तारखेला ११८, आज २५१. दुपटीहून जास्त झालंय, म्हणजे वाढ ठीक आहे म्हणाल्या. सोनोग्राफी दहा-अकरा दिवसांनी. तोवर पोटात दुखलं तर कुठे आणि किती ते लिहून ठेवायचंय.

आम्ही ठेवायचं ठरवलंय. काल रात्री ठरलं, भांडी घासताना.

अबोली_शांत | २६ मार्च, संध्याकाळी ६:१०

आज सोनोग्राफी झाली. आधी घाबरले, कारण फॉर्मवर शेवटच्या पाळीची तारीख २ फेब्रुवारी भरली होती, त्या हिशोबाने ७ आठवडे ३ दिवस व्हायला हवेत. सोनोग्राफी करणाऱ्या बाई बराच वेळ गप्प राहून माप घेत होत्या. मग म्हणाल्या, "६ आठवड्यांचा दिसतोय. तारीख नक्की आठवतेय ना?"

मी म्हटलं, तारीख बरोबर आहे, पण मध्ये ताप होता, बीज उशिरा सुटलं असेल. त्यांनी स्क्रीनवरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. नंतर पडदा माझ्याकडे वळवला. तांदळाच्या दाण्याहूनही लहान ठिपका, आणि त्याच्यात काहीतरी लुकलुकत होतं. बाळंतपणाची तारीख पाळीवरून ९ नोव्हेंबर येत होती, ती १० दिवस पुढे नेऊन १९ केली. दोन आठवड्यांनी पुन्हा बोलावलंय, वाढ बघायला.

स्टेथोस्कोप | २६ मार्च, संध्याकाळी ६:४५

छान. एक जाणून घे, या ६ आठवड्यांत पहिले दोन आठवडे तू गरोदर नव्हतीसच. मोजायची पद्धत तशी आहे, पाळीच्या तारखेपासून २८० दिवस. सासरी कोणी आठवडे मोजून भुवया उंचावल्या तर हे सांगायला उपयोगी पडेल.

कोरी_वही | २६ मार्च, रात्री ११:०५

अभिनंदन ताई. माझी त्या रात्रीनंतर दोन दिवसांनी आली. सांगायचं राहून गेलं होतं.